जगातले कुठले पूल मुद्दाम जाऊन बघावेत? पूल तपासणाऱ्या एका इंजिनिअरचं उत्तर

तुम्ही विचारलंय की पुढच्या वर्षी रिटायर होताय, दोघांनी मिळून वर्षाला एखादी मोठी ट्रिप करायची ठरवलीय, पुलांची हौस पहिल्यापासून आहे, तर जगातले कुठले प्रसिद्ध पूल खरोखर जाऊन बघण्यासारखे आहेत आणि कुठले फोटोत बघितले तरी चालतील. शिवाय गुडघे फार साथ देत नाहीत हेही लिहिलंय. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, पुलांची तपासणी आणि दुरुस्ती हेच माझं रोजचं काम, आणि सुट्टीत सुद्धा पूलच बघायला जाते त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात लांब, सगळ्यात उंच असल्या याद्या घेऊन बसू नका. ते रेकॉर्ड काही वर्षांत मोडतंच आणि त्यातल्या बऱ्याच पुलांवर पायी जायला बंदी असते, गाडीतून भुर्रकन पार होतो, कठड्याशिवाय काही दिसत नाही. आपला वांद्रे-वरळी सी लिंक घ्या नाहीतर अटल सेतू घ्या, तेच. माझ्या लेखी जाऊन बघण्यासारखा पूल म्हणजे ज्याच्यावरून निवांत चालता येतं, ज्याच्या खाली जाऊन उभं राहता येतं, आणि भार कुठून कुठे चाललाय हे साध्या डोळ्यांना कळतं. आणि अजून एक, जे मला या कामामुळे जास्तच महत्त्वाचं वाटतं, तो पूल कोण सांभाळतंय आणि कसं, हे तिथे दिसलं पाहिजे.

या सगळ्यात बसणारी एकच जागा निवडायची असेल तर मी डोळे मिटून स्कॉटलंडचं नाव घेईन. एडिनबरोजवळ फोर्थ नावाची खाडी आहे, तिच्यावर तीन पूल शेजारी शेजारी उभे आहेत, तीन वेगवेगळ्या शतकांतले. 1890 चा लाल रंगाचा रेल्वेचा फोर्थ ब्रिज, 1964 चा झुलता फोर्थ रोड ब्रिज आणि 2017 चा केबल-स्टेड, म्हणजे टॉवरपासून निघालेल्या तिरक्या तारांनी थेट तोललेला, क्वीन्सफेरी क्रॉसिंग. सव्वाशे वर्षांत पूल बांधायची विद्या कशी बदलत गेली ते एका जागी उभं राहून दिसतं, असं दुसरं ठिकाण मला तरी माहीत नाही.

त्यातला लाल पूल म्हणजे माझा जीव की प्राण. तो असा अवाढव्य का आहे याला कारण आहे. 1879 च्या डिसेंबरात वादळात डंडी इथला टे नदीवरचा पूल चालत्या गाडीसकट कोसळला, गाडीतलं कोणीही वाचलं नाही. तो पूल डिझाइन करणारे थॉमस बाउच हेच फोर्थसाठीही झुलता पूल आखत होते, ते काम रद्द झालं आणि जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर यांच्याकडे आलं. लोकांचा पुलांवरचा विश्वासच उडाला होता, त्यामुळे बघणाऱ्याला सुद्धा खात्री पटेल इतका दणकट पूल त्यांनी उभा केला. सुमारे 53,000 टन स्टील, 65 लाखांच्या आसपास रिव्हेट (पत्रे जोडायला ठोकून बसवलेले लोखंडी खिळे) आणि 521 मीटरचे दोन मोठे गाळे, म्हणजे दोन आधारांमधली अंतरं. डंडीला कधी गेलात तर आजच्या टे पुलाला लागूनच जुन्या पुलाच्या पिअरची, म्हणजे खांबांची, बुडखी अजून पाण्यात उभी दिसतात, ती जरूर बघा.

हा लाल पूल कॅन्टिलिव्हर जातीचा आहे, म्हणजे खांबापासून दोन्हीकडे पसरलेल्या हातांवर तोललेला. ते कसं चालतं हे लोकांना कळावं म्हणून बेकरनी एक प्रयोग करून दाखवला होता त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. दोन माणसं खुर्च्यांवर बसलेली, हात दोन्हीकडे पसरलेले, हातापासून खुर्चीपर्यंत तिरक्या काठ्या, बाहेरच्या टोकांना विटांचं वजन टांगलेलं, आणि दोघांच्या मधे एका फळीवर काइची वातानाबे नावाचा जपानी इंजिनिअर अधांतरी बसलेला. घरी नातवंडांना घेऊन करून बघा, खांद्याला ओढ बसते आणि काठीवर दाब येतो ते तुम्हाला स्वतःच्या अंगात जाणवेल. मग पूल बघाल तेव्हा एक खूण लक्षात ठेवा, जिथे जाड गोल नळ्या आहेत तिथे दाब आहे आणि जिथे जाळीदार काम आहे तिथे ताण आहे. त्या मुख्य नळ्यांचा व्यास 3.7 मीटर आहे, आत सहज माणूस उभा राहील. एवढं डोक्यात ठेवलं की पूल आपोआप वाचता येतो, कोणी गाइड लागत नाही.

बघायचा कसा ते सांगते. एडिनबरोच्या वेव्हर्ली स्टेशनवरून खाडीपलीकडच्या फाइफ भागाकडे जाणारी लोकल घ्या आणि नॉर्थ क्वीन्सफेरीला उतरा म्हणजे आधी पुलावरूनच गाडी जाते. ते गाव अक्षरशः पुलाच्या पोटाखाली आहे, स्टेशनपासून उतार आहे तेवढा सांभाळून उतरा आणि धक्क्यावर जाऊन वर बघा, गाडी गेली की आवाज आधी येतो आणि गाडी नंतर दिसते. तिथून परत वर येऊन 1964 च्या रोड ब्रिजवरून चालत साउथ क्वीन्सफेरीला या, अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास. पूर्वेकडचा फुटपाथ चालू असेल तर तोच धरा म्हणजे लाल पूल पूर्णवेळ समोर राहतो. वारा मात्र भयंकर असतो, कानटोपी न्या, जुलै असला तरी. गुडघ्यांनी नाहीच म्हटलं तर डाल्मनीला उतरून साउथ क्वीन्सफेरीच्या किनाऱ्यावर बसा, तिथूनही तिन्ही पूल दिसतात.

या पुलाला रंग देणं कधी संपतच नाही असं ब्रिटनमधे म्हणायची पद्धत पडली होती, न संपणाऱ्या कामाला फोर्थ ब्रिज रंगवणं म्हणायचे. प्रत्यक्षात 2011 मधे ते संपलं. जुने रंगाचे थर पूर्ण खरवडून उत्तर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर वापरतात तसा इपॉक्सी रंगाचा लेप दिला, किमान 25 वर्षं टिकेल या हिशोबाने. 2015 मधे युनेस्कोच्या यादीत गेला आणि तरी आजही रोज त्यावरून गाड्या धावताहेत.

आता याच पुलाचं नातेवाईक आपल्याकडे आहे आणि लोक त्यावरून टॅक्सीत बसून जातात, मान वर करून बघत नाहीत. हावडा ब्रिज! 1943 चा, 457 मीटरचा गाळा, तोही कॅन्टिलिव्हरच, आणि त्यातलं बहुतेक स्टील टाटांचं. नट-बोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटचं काम. तुमची सुरुवात इथून करा असं मी आग्रहाने सांगेन, व्हिसा नको काही नको. पहाटे हावड्याला उतरलात की सामान क्लोकरूममधे टाकून चालतच पूल ओलांडा आणि कोलकात्याच्या बाजूला खाली मल्लिक घाटाच्या फूलबाजारात उतरा. झेंडूच्या माळांचे ढीग, डोक्यावर टोपल्या घेतलेले हमाल आणि थेट वर तो पूल, हे मिळून जे दृश्य आहे ते जगात कुठे नाही. चालताना एक जवळून बघा, रस्ता खालून खांबांवर टेकलेला नाहीये, वरच्या सांगाड्यातून खाली आलेल्या उभ्या लोखंडी हँगरवर टांगलेला आहे. त्या हँगरच्या बुडाशी लोक पान-गुटख्याच्या पिचकाऱ्या मारायचे आणि त्यातल्या चुना-काताने लोखंड इतकं गंजायला लागलं की शेवटी फायबरग्लासची आवरणं बसवावी लागली. माझ्यासारखीला हे बघून पोटात गोळा येतो हो, दिवसाला लाखो माणसं वाहणारा पूल आणि त्याची ही परतफेड. पुलावर फोटो काढायला लागलात तर पोलीस हटकू शकतात, त्यापेक्षा हावडा घाटावरून फेरीबोट घ्या, नदीतून फोटो छान येतात.

अमेरिकेत मुलं-भाचे-पुतणे असतील तर दोन पूल ओघाने येतातच. बे एरियात आलेल्या प्रत्येक मराठी आईबाबांना पहिल्याच वीकेंडला गोल्डन गेटला नेतात, व्ह्यूपॉइंटवर फोटो काढतात आणि परत आणतात. तसं करू नका. मुलांना सांगा आम्हाला सकाळी सोडा आणि दुपारी न्यायला या. जुलै-ऑगस्ट टाळा, धुकं इतकं असतं की टॉवर सुद्धा दिसत नाही, सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. पायी अर्ध्यापर्यंत जाऊन परत आलं तरी चालेल पण त्याच्या खालचा फोर्ट पॉइंट हा विटांचा जुना किल्ला चुकवू नका, हा किल्ला वाचवण्यासाठी पुलाच्या दक्षिण टोकाला एक वेगळी स्टीलची कमान काढली आहे, तिच्याखाली उभं राहिलं की जुनं राखून नवीन कसं बांधायचं ते कळतं. किल्ला रोज उघडा नसतो, वार बघून जा. 1937 ला पूल पूर्ण झाला तेव्हा कामगारांसाठी खाली जाळं बांधलं होतं आणि त्यामुळे 19 माणसांचे प्राण वाचले, त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. तरी 11 जण गेलेच.

पण दोघांत निवडायचा झाला तर मी न्यूयॉर्कचा ब्रुकलिन ब्रिज निवडेन. एका घराण्याने आपलं आयुष्य त्यात घातलंय. जॉन रोबलिंग यांनी आराखडा केला, जागेची पाहणी करताना फेरीबोटीने पाय चिरडला आणि 1869 मधे धनुर्वाताने गेले. मग मुलगा वॉशिंग्टन रोबलिंग. नदीच्या तळाशी पाया खणायला मोठ्या लाकडी पेट्या उलट्या बुडवून आत दाबाची हवा भरायचे आणि माणसं त्यात उतरून खोदायची, तिथून झटकन वर आलं की रक्तात हवेचे बुडबुडे होतात, हे तेव्हा कोणाला नीट माहीत नव्हतं. वॉशिंग्टन त्यातच कायमचे आजारी पडले आणि घराच्या खिडकीतून दुर्बिणीने काम बघत राहिले. साइटवर रोज कोण जात होतं? त्यांची बायको एमिली. ती गणित शिकली, केबलची विद्या शिकली, इंजिनिअरांशी तीच बोलायची, आणि 1883 मधे पूल झाला तेव्हा गाडीतून पहिल्यांदा पलीकडे तीच गेली. पुलावर तिच्या नावाची पाटी आहे. ती शोधा आणि दोन मिनिटं थांबा, मी बाई असून या धंद्यात आहे म्हणून म्हणत नाही, हा मान तिचाच आहे.

त्याच पुलाची अजून एक हकीकत. केबलची वायर पुरवणारा कंत्राटदार निकृष्ट माल घालत होता हे उशिरा उघडकीला आलं, तोपर्यंत बरीच वायर केबलमधे गेली होती, काढता येत नव्हती. रोबलिंगनी मुळात लागते त्याच्या सहापट ताकदीची केबल धरलेली होती म्हणून हिशोब पुन्हा मांडून प्रत्येक केबलमधे 150 तारा वाढवल्या आणि पुढे गेले. ती वायर आजही तिथेच आहे. चालताना टॉवरपासून पंख्यासारख्या पसरलेल्या तिरक्या तारा आणि उभ्या तारा एकमेकांना छेदताना दिसतील, भार वाहायचे हे दोन वेगळे रस्ते आहेत, एकाने दगा दिला तरी दुसरा आहे. ब्रुकलिनच्या बाजूने चालायला सुरुवात करा म्हणजे मॅनहॅटन समोर येत जातं, सकाळी 8 च्या आत. दुपारी तिथे धड पाय ठेवायला जागा नसते.

जपानला जाणार असाल तर कोबेजवळचा आकाशी काइक्यो. पायी चालता आलं पाहिजे या माझ्या नियमाला हा एकच अपवाद करते. 1998 मधे सुरू झाला तेव्हा 1,991 मीटरचा मधला गाळा जगात सगळ्यात मोठा होता, 2022 मधे तुर्कस्तानच्या चानाक्कालेच्या पुलाने तो मान घेतला. पण मुळात हा गाळा 1,990 चा ठरला होता! 1995 मधे काम चालू असताना कोबेचा भूकंप झाला, टॉवर उभे होते, केबल ओढून झाल्या होत्या, आणि जमीनच सरकल्यामुळे टॉवर एकमेकांपासून जवळजवळ मीटरभर लांब गेले. टॉवरला काही झालं नाही, पुढचं डिझाइन त्या नवीन अंतराप्रमाणे बदलून काम पूर्ण केलं. जेआरच्या माइको स्टेशनवर उतरलं की समोरच लिफ्टने वर जाऊन पुलाच्या पोटातल्या गॅलरीत उभं राहता येतं, 47 मीटर खाली समुद्र आणि पायाखाली काच. तब्येत ठणठणीत असेल तर आगाऊ बुकिंग करून मेंटेनन्सच्या वाटेने चालत जाऊन लिफ्टने 298 मीटरच्या टॉवरवर नेणारी टूर आहे, ती ठराविक महिन्यांतच असते. त्या वाटेवरून चालताना तुम्ही पूल सांभाळणाऱ्यांच्या जागेवरून पूल बघता, म्हणून ही मला फार आवडते.

लंडनला बाकी काही करा न करा, मिलेनियम ब्रिजवरून सेंट पॉल्सकडून टेट मॉडर्नला चालत जा. 2000 साली सुरू झाल्यावर हजारो लोक चढले, पूल आडवा डुलायला लागला, तोल सावरायला लोक नकळत एका ठेक्यात पावलं टाकायला लागले आणि डुलणं अजून वाढलं. दोन दिवसांत बंद केला, डॅम्पर (डुलणं शोषून घेणारी यंत्रं) बसवून 2002 मधे परत उघडला. नदीकाठी खाली उतरून डेकच्या खाली बघा, ते डॅम्पर दिसतात. टॉवर ब्रिज उघडताना बघायचा असेल तर वेळा आधी जाहीर होतात, तिकीट नको, फुटपाथवर उभं राहिलं की झालं. सिडनीचा हार्बर ब्रिज सुंदर आहे, पूर्वेच्या फुटपाथवरून फुकट चालता येतं, वर चढायची महागडी टूर मला गरजेची वाटत नाही. प्रागचा चार्ल्स ब्रिज पहाटे नाहीतर नकोच. फ्रान्सचा मियो व्हायाडक्ट मात्र वरून गाडीने जाऊन वाया घालवू नका, खालच्या दरीतून बघा. आणि काश्मीरच्या चिनाब पुलावरून रेल्वेने जाल तेव्हा दरी दिसेल, पूल दिसणार नाही, हे धरूनच जा.

बोस्नियातल्या मोस्तारचं थोडं वेगळं आहे. 1566 चा दगडी कमानीचा ऑटोमन पूल, युद्धात 1993 च्या नोव्हेंबरात तोफा डागून पाडला. मग त्याच जातीचा दगड स्थानिक खाणीतून आणून जुन्या पद्धतीने घडवून 2004 मधे परत उभा केला. दुपारी टूरच्या बस येतात तेव्हा नुसती जत्रा असते, रात्री मुक्काम करा आणि सकाळी जा. दगड झिजून गुळगुळीत झालेत, आडव्या पट्ट्यांवरच पाय द्या, तुमच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम सांगते.

मेघालयातले जिवंत मुळांचे पूल तुम्ही विचारले नव्हते, ते मी घालतेय. खासी लोक रबराच्या झाडाची मुळं नदीपलीकडे वळवत नेतात, पूल वापरण्याजोगा व्हायला पंधरा-वीस वर्षं किंवा जास्तच लागतात, म्हणजे जो लावतो तो बरेचदा मुलांसाठी लावतो. आणि आपण बांधतो तो प्रत्येक पूल पहिल्या दिवसापासून खंगत जातो तर हा वयाबरोबर मजबूत होतो. नाँग्रियाटच्या डबल डेकरला हजारो पायऱ्या आहेत, तो तुम्ही सोडा. मावलिन्नाँगजवळ रिवाईचा पूल थोड्या पायऱ्यांत होतो. पुलावर घोळका करून थांबू नका, गावकरी सांगतात ते ऐका.

हे गर्दीचं मी जरा कळकळीने सांगते. 2025 च्या जूनमधे तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला, माणसं गेली. 2022 मधे मोरबीला झुलत्या पुलावर तर शंभराहून जास्त. 2016 मधे महाडला सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी बस वाहून गेल्या. कुठल्याही जुन्या पादचारी पुलावर गर्दी दिसली, धोक्याची पाटी दिसली, किंवा लोक मुद्दाम हलवताहेत असं दिसलं तर काठावर थांबा, फोटो नाही मिळाला तरी चालेल. पुराच्या पाण्यात तर जुन्या पुलावर पाऊलच टाकू नका, पाणी पायाखालची माती नेत असतं आणि वरून काहीही कळत नाही.

शेवटचं, आणि जमलं तर हे कराच, पेरूमधला केस्वाचाका. आपुरिमाक नदीच्या घळीवरचा गवताचा झुलता पूल, इंका काळापासूनची पद्धत. दरवर्षी जूनमधे आसपासच्या चार वस्त्या एकत्र येतात, घराघरातून गवताचे पातळ दोर वळून आणतात, त्यांचे जाड दोर, जाड दोरांचे त्याहून जाड वेढे, जुना पूल कापून नदीत सोडून देतात आणि तीन दिवसांत नवीन बांधतात, चौथ्या दिवशी नाच-गाणी. 2013 मधे युनेस्कोने या परंपरेची नोंद घेतली. कोविडमधे 2020 चं बांधकाम चुकलं, आणि 2021 च्या मार्चमधे पूल तुटून पडला. जूनमधे लोकांनी परत बांधला. देखभालीचं बजेट एक वर्ष पुढे ढकलू असं कोणी मीटिंगमधे म्हणालं की मी त्यांना हीच गोष्ट सांगते. कुस्को 3,400 मीटरवर आहे, केस्वाचाका त्याहून वर, त्यामुळे डॉक्टरांना विचारून, कुस्कोत दोन-तीन दिवस आराम करून मगच गाडीने निघा, तीन-चार तासांचा रस्ता आहे. पुलावर नाही चढलात तरी काठावरून बांधकाम बघता येतं.

क्रम म्हणाल तर या हिवाळ्यात कोलकाता आणि मेघालय एकत्र करा, पुढच्या वर्षी मे-जूनमधे लंडन-एडिनबरो, पेरू तब्येत बघून. बरोबर एक बऱ्यापैकी दुर्बीण घ्या, रिव्हेटच्या रांगा, बेअरिंग (पूल खांबावर जिथे टेकतो ते टेकू), केबलचे सांधे बघायला मोबाइलचा झूम पुरत नाही. एडिनबरोचं बुकिंग करायच्या आधी तारखा कळवा, त्या दिवशी रोड ब्रिजचा पूर्वेचा फुटपाथ चालू आहे का ते कसं बघायचं तेही सांगते.